मुळगावची आंगवण आणि आम्हा आठजणींचं पान

सांगलीच्या स्टँडवर पणजीची गाडी लागली, तेव्हा प्रवासाला निघालेली मी एकटी होते आणि सोडायला सहाजणी आल्या होत्या. सहाही गाडीत चढल्या. एकीने पाण्याची बाटली जाळीत अडकवली, दुसरीने खिडकी उघडून पाहिली, तिसरीने शेजारच्या प्रवाशाची चौकशी करून तो सज्जन असल्याची खात्री करून घेतली. शेवटी कंडक्टर वैतागून म्हणाला, "मावशी, तिकिटं किती?"

"एकच."

"मग बाकीच्यांच्या उतरण्याचं काय करताय?"

उतरता उतरता शैलाने मला पुन्हा बजावलं, "रोज लिही. आणि लिहिलं की पाठवायला विसरू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे."

आम्ही आठजणी रोज सकाळी कृष्णाकाठच्या रस्त्यावर चालायला जातो. चालतो थोडं आणि बोलतो फार, असं आमच्या घरचे म्हणतात, आणि ते खोटं नाही. त्या आठांतली आठवी म्हणजे कुसुम. स्टँडवर ती आली नव्हती, कारण तिला घराबाहेर पडता येत नव्हतं. आणि मी निघाले होते ती तिच्यासाठीच.

कुसुमचं माहेर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं मुळगाव. नातीच्या वेळी सुनेचं बाळंतपण फार अवघड गेलं, तेव्हा कुसुमने माहेरच्या राखणदाराला (गावाच्या वेशीचं रक्षण करणाऱ्या देवाला) आंगवण केली होती. आंगवण म्हणजे नवस. नात सुखरूप हाती आली, तर रोट आणि नारळ वाहीन म्हणाली. नात आता घरभर पळते. "या हिवाळ्यात आपण सगळ्याच मुळगावला जाऊ, मी फेडून टाकते एकदाची," असं ती म्हणाली होती, आणि आम्ही कोणत्या साड्या न्यायच्या इथपर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली.

डॉक्टर म्हणत होते, सुधारणा होईल, पण बाईंनी प्रयत्न करायला हवा. उच्चार शिकवायला एक बाई घरी यायच्या. कुसुम ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघायची. डाव्या हाताने लिहायला पाटी दिली, तर ती बाजूला सारायची. तिची सून मानसी मला दारापर्यंत सोडायला येऊन म्हणाली होती, "काकू, त्यांना सगळं समजतं. पण आमच्यातून उठून गेल्यासारख्या बसतात. गोव्याचं नाव निघालं की फक्त डोळ्यांत पाणी येतं."

ते ऐकल्यावर मी घरी येऊन पिशवी काढली. वीज मंडळात बिलाच्या खिडकीशी आयुष्य काढल्यामुळे मला एक गोष्ट कळते. थकलेलं काम ज्याचं त्याला बोचत असतं, दुसऱ्याला ते कधी दिसत नाही.

आता राहिला प्रश्न कुसुमला रोजचं कळवायचं कसं. व्हॉट्सॲपवर आमचा गट आहे, पण तिथे सूर्योदय, गुलाब आणि सुविचार यांच्या रांगेत कामाचा निरोप सापडेपर्यंत माणूस दमून जातं. कुसुमच्या डाव्या बोटाखाली तर सगळंच वर सटकून जायचं. माझ्या भाचीने तोडगा काढला. तिने एक ब्लॉग उघडून दिला, अगदी साधा. त्याचा एक ईमेलचा पत्ता होता. त्या पत्त्यावर मी मेल टाकली की तिचं आपोआप पान होणार. फोटो जोडला तर फोटो दिसणार, आवाज जोडला तर आवाज ऐकू येणार. अक्षरं मोठी, एका वेळी एकच पान, आणि खाली प्रत्येकीला लिहायला जागा. मानसीने कुसुमच्या टॅबवर ते उघडून ठेवलं. "मावशी, यात चुकण्यासारखं काही नाही," असं भाची म्हणाली होती. ती तरुण आहे, तिला अजून मी पुरती कळलेली नाही.

आंबोलीचा घाट उतरला तशी हवा ओलसर, जडसर झाली. बांदा मागे पडलं, पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली आणि ऊन कलता कलता मी पेडण्याला उतरले. आमच्या गटातल्या विद्याची वहिनी, नलूवहिनी, तिथे राहते. ती बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) उभीच होती. मी आधी कधी तिला भेटले नव्हते, पण तिने पिशवी अशी काही हातातून काढून घेतली, की वाटलं ही माझीच वहिनी.

"शुभाताई, पयलीं च्या घेयात. मागीर गजाली," ती म्हणाली. गजाली म्हणजे गप्पा, आणि त्या चहाबरोबरच सुरू झाल्या, मागीरपर्यंत (नंतरपर्यंत) कशाला थांबतात!

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आवाजाने जाग आली. पोदेर (सायकलवरून पाव विकणारा) दारात आला होता. त्याच्या टोपलीत पाव, उंडे (कडक सालीचे गोल पाव), आणि बांगडीसारखी कडक काकणं. नलूवहिनीने आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक केलं होतं, खोबरं भाजून वाटलेलं, दाट. त्यात गरम उंडा बुडवून पहिला घास घेतला आणि मी काही वेळ कुणाशी बोलले नाही. माझ्या बाबतीत ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे.

न्याहारी झाल्यावर मी पहिलं पान लिहिलं. घाट, हद्द, नलूवहिनी, उंडा, तोणाक, सगळं. पाठव म्हटलं तर जाईना. घरात रेंजचा पत्ता नव्हता. नलूवहिनीचे यजमान दामूभाऊ म्हणाले, "मोप्याच्या सड्यार वचूंया. विमानतळ जाल्यासून थंय मोबायल कसो पळता पळय."

त्यांच्या गाडीतून आम्ही मोप्याच्या पठारावर गेलो. जांभ्या दगडाचा उघडा सडा, वाळलेलं सोनेरी गवत, मध्येच काजूची झाडं, आणि त्या शांततेत एकदम डोक्यावरून गेलेलं विमान. दामूभाऊंनी सांगितलं की लहानपणी ते इथे गुरांमागे यायचे. आता त्यांचा मुलगा इथूनच परदेशी नोकरीवर जातो-येतो. त्यात दुःख होतं की अभिमान, ते मला त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. बहुधा दोन्ही होतं.

रेंज खरंच भरपूर होती. पान झटक्यात गेलं. हात हलका झाला म्हणून मी लगेच आमच्या ह्यांनाही एक मेल टाकली. त्यात लिहिलं, "दूध दोनदा तापवा. डब्यातल्या लाडवांना हात लावू नका, ते पाहुण्यांचे आहेत. आणि ते भोकं पडलेलं बनियन घालून गॅलरीत उभे राहू नका, समोरचे जोशी बघतात."

आता झालं असं, की फोनने आपल्या मनाने मघाचाच पत्ता पुढे केला आणि मी न बघता पाठवून दिलं. म्हणजे माझ्या संसाराचं पान झालं. मोठ्या अक्षरात.

मला हे कळलं ते खाली लिहिलेलं वाचून. शैलाने लिहिलं होतं, "लाडू कशाचे?" विद्याने लिहिलं, "बनियनचा फोटो टाक." एकीने लिहिलं की जोशी खरंच बघतात, तिला त्यांच्या बायकोनेच सांगितलंय. मी सड्यावर उभी राहून कपाळाला हात लावला. ते पान पुसायचं कसं, हे काही भाचीने शिकवलं नव्हतं.

आणि सगळ्यांच्या खाली मानसीचं होतं, "काकू, आई हसल्या. आवाज करून हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच. कृपा करून हे पान काढू नका."

मी दामूभाऊंच्या गाडीच्या बॉनेटला टेकून तिथेच रडले. ते बिचारे काजूच्या झाडाकडे बघत उभे राहिले. ह्यांच्या बनियनाचे मी आयुष्यात इतके उपकार कधी मानले नव्हते.

मुळगावला आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी गेलो. नलूवहिनीने पहाटे उठून तांदळाच्या पिठाचा जाडजूड रोट भाजला होता, केळीच्या पानात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. अस्नोड्यावरून पुढे गेलो तसा रस्त्याकडेच्या झाडांचा रंग बदलला. पानांवर तांबडी धूळ. दूरवर खाणीतल्या मातीचे ढीग, आता त्यांच्यावर झाडं वाढलेली, त्यामुळे न सांगितल्यास टेकड्याच वाटतील. पण त्यांच्या पायथ्याशी वायंगणाची (हिवाळी भाताची) शेतं होती, नुकती लावणी झालेली, आणि चिखलात वाकलेल्या बायका एकमेकींशी मोठमोठ्याने बोलत होत्या. माझ्या मनात आलं, कुसुम इथे असती तर ती त्यांच्यातलीच एक असती.

राखणदाराचं ठाणं शेताच्या बांधाला लागून, एका मोठ्या झाडाखाली होतं. देऊळ नाही, छप्पर नाही. एक दगड, त्याला तेल-शेंदूर, पुढे पणती. गाराणं घालायला (देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मांडायला) दामूभाऊंनी शाबीकाकांना निरोप दिला होता. ते लुंगी आणि बंडीवर आले, बरोबर शेजारपाजारचे चार-सहाजण. गाराण्याला माणसं लागतातच, कारण प्रत्येक वाक्यानंतर "व्हय म्हाराजा" म्हणायला कुणीतरी हवं. एकट्याचं गाराणं देवाकडे जात नाही, असं नलूवहिनी म्हणाली. काकांनी रोट दगडापुढे ठेवला, नारळ ठेवला, स्वतःच्या खिशातून एक विडी काढून तीही ठेवली, हात जोडले आणि माझ्याकडे वळले.

"आंगवण कोणाली?"

"कुसुमची. सांगलीला असते ती. माहेर इथलं."

"कुळारचें नांव कितें?" कुळार म्हणजे माहेर.

"गावकर," मी ठासून सांगितलं. एवढं मी कुसुमच्या मुलाकडून विचारून आले होते.

सगळे हसले. शाबीकाका म्हणाले, "बाये, हांव गांवकर. हो गांवकर. तो थंय म्हशीक धुयता, तोय गांवकर. चलयेचें नांव सांग. जल्मल्या उपरांत दवरिल्लें तें."

जन्मल्यावर ठेवलेलं नाव. कुसुम हे तिचं सासरचं नाव, लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं. आधीचं काय होतं? रोज सकाळी जिच्याबरोबर चालत होते, जिच्या पित्ताच्या गोळीचं नावसुद्धा मला पाठ, तिचं हे नाव मला माहीत नव्हतं. मुलालाही नव्हतं. त्याला आजोबा म्हणजे नुसते "आबा" आठवत होते. मामा कधीच वारले होते, आणि खाणीची माती शेतात आल्यावर ते घरही गाव सोडून गेलेलं.

"कुसुम म्हणून चालणार नाही का हो?" मी विचारलं.

"चलता. गाराणें घालूं येता. पूण राखणदार म्हणटलो, हें चेडूं कोणालें? म्हाका खबर ना." चेडूं म्हणजे मुलगी. काका रागावले नव्हते. उलट खांद्यावरचा पंचा झाडून ते बांधावर ऐसपैस बसले. "विचार तिका. आमी रावतात."

विचार तिला! जिला बोलता येत नाही तिला! पण दुसरा मार्गही नव्हता. मी बांधाच्या उंच टोकाला गेले, तिथे रेंजच्या दोन काड्या उभ्या राहिल्या. लिहिलं, "तातडीचं. कुसुमचं माहेरचं नाव काय? देवापुढे तेच सांगायचं आहे. कुणालाही आठवत असेल तर लगेच कळवा." पाठवलं, आणि या वेळी पत्ता तपासून पाठवलं.

थोड्या वेळाने उत्तरं येऊ लागली. शैलाला माहीत नव्हतं. विद्याला वाटत होतं सिंधू, पण खात्री नव्हती. एकीने लिहिलं, "आपण कधी विचारलंच नाही गं." मग खाली एक नुसती ओळ आली, "माझं नाव प्रमिला होतं." ते आमच्यातल्या सुनीताचं होतं. त्याखाली विद्याने लिहिलं, "मी गोदावरी. घरात गोदी." शैलाने लिहिलं, "माझं बदलू दिलं नव्हतं मी. भांडले होते." तिचं तसंच आहे. मग आणखी एक, आणखी एक. कुणी सांगितलं नव्हतं, पण जी ती आपापलं पुसलेलं नाव तिथे आणून ठेवत होती. मीही उन्हात उभी राहून लिहिलं, "मी विमल." लिहिल्यावर मलाच कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं.

नंतर बराच वेळ काहीच आलं नाही. खाली काका कुणाशी तरी वायंगणाच्या पाण्याबद्दल बोलत होते. नलूवहिनी माझ्याकडे बघून मान हलवत होती, आलं का? मी मान हलवत होते, नाही.

आणि मग कुसुमच्या टॅबवरून दोन अक्षरं आली.

"मथू"

त्याखाली लगेच मानसीचं. "काकू, आईंनी स्वतः लिहिलं. सगळ्यांची नावं वाचून दाखवली, तर त्यांनी टॅब माझ्या हातातून ओढून घेतला. डाव्या हाताने. किती वेळ लागला, पण मला हात लावू दिला नाही."

मी बांधावरून खाली कशी आले ते आठवत नाही. एक पाय चिखलात गेला, चप्पल तिथेच राहिली. "मथू! मथुरा असेल. मथू!" मी ओरडले.

जमलेल्यांत एक म्हातारी बाई होती, इतका वेळ बांधावर बसलेली. ती उठून उभी राहिली. "मथू? तळ्याकडली मथू? अगो, ती म्हज्या वांगडा म्हशी घेवन वताली!" लहानपणी बरोबर म्हशी चारलेल्या मैत्रिणीचं नाव ऐकून तिने माझे दोन्ही हात धरले. "जिती आसा मगो?"

"आहे," मी म्हटलं. "आहे हो, आहे."

मग शाबीकाका उभे राहिले. आवाज टिपायला मी फोन पुढे धरला. आवाज चढवून, जणू तो देव शेताच्या पलीकडे उभा आहे अशा थाटात त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! ह्या मुळगांवची धूव मथू, लग्न जावन सांगलेक गेली, नातीखातीर तुका आंगवण करून रावली!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका आज येवंक जमलें ना. म्हण तिच्या इश्टिणीन रोट-नाल्ल हाडून तुज्या पांयांकडे दवरला. तो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"कितें चुकलें-माकलें आसत तर पोटांत घाल. तिच्या हातापांयांक, तिच्या जिबेक बळ दी. आनी फुडल्या खेपेक तिका तिच्याच पांयांनी हांगा हाड!"

"व्हय म्हाराजा!" तिला तिच्याच पायांनी इथे आण, या मागण्याला सगळ्यांत मोठा आवाज त्या म्हातारीचा होता. मी देवभोळी नाही, पण मीही म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. परक्या बाईसाठी शेतातली कामं टाकून आलेल्या त्या माणसांपुढे मी हात जोडले. त्यांचे आभार कसे मानायचे कळेना. दामूभाऊंनी रोटाचे तुकडे सगळ्यांच्या हातावर ठेवले. खरपूस, जरासा खारट. असा रोट मी पुन्हा कुठे खाईन असं वाटत नाही.

आवाज पानावर गेला. परत येताना मोप्याच्या वाटेवर फोन वाजत राहिला. देवाधर्माच्या नावाने नाक मुरडणाऱ्या शैलाने सगळ्यांत आधी लिहिलं होतं, "व्हय महाराजा." तिच्याखाली बाकीच्यांनी. ह्यांनीसुद्धा. त्यांना तो पत्ता कुणी दिला, ते मी अजून शोधते आहे.

सांगलीला उतरले ती घरी न जाता थेट कुसुमकडे गेले. पिशवीत उंडे होते, काकणं होती, म्हातारीने दिलेली भाजलेल्या काजूंची पुरचुंडी होती. कुसुम चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसली होती. तिने पुरचुंडी हुंगली आणि डोळे मिटले. मानसी म्हणाली, "थांबा काकू, तुम्हाला एक दाखवते," आणि तिने टॅबवर गाराणं लावलं.

शाबीकाकांचा आवाज त्या खोलीत भरला. पहिलं वाक्य संपलं, लोक ओरडले, आणि त्यांच्या मागून, जरा उशिराने, जड, ओढून काढलेला एक आवाज आला. "व्हय." कुसुमचा होता. दुसऱ्या वाक्याला पुन्हा. उच्चार शिकवणाऱ्या बाईंना तिच्याकडून जे मिळालं नव्हतं, ते तिच्या गावच्या माणसांनी तिच्याकडून काढून घेतलं होतं. तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा तिचा चेहरा घामाने भिजला होता आणि मी तिचा पदर धरून बसले होते.

सध्या तिच्याकडे एवढा एकच शब्द आहे. ती तो सगळीकडे वापरते. चहा देऊ का? व्हय. खिडकी लावू? व्हय. मथू म्हणू तुला? व्हय. की कुसुमच बरं? व्हय. आम्ही दोघी हसत सुटलो. प्रवासाला निघताना मला वाटलं होतं, मी तिच्यासाठी काहीतरी घेऊन येणार आहे. खरं तर मीच त्या गावाकडून, त्या नलूवहिनीकडून, आणि खाली आपापलं नाव लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणींकडून घेत आले. एवढं कृतज्ञ मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

निघताना मी उंबऱ्यातून वळून विचारलं, "मथू, पुढच्या हिवाळ्यात मुळगावला जायचं? आठहीजणी? तू तुझ्या पायांनी?"

तिने आधी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं, मग चाकाच्या खुर्चीकडे, मग माझ्याकडे. या एका प्रश्नावर तिने विचार केला, आणि मग म्हणाली, "व्हय."